पडद्यातल्या दोन दुमडी

आमचे सर तान्ह्या बाळांना अहो-जाहो करत आणि रुग्णालयाच्या मालकांना अरे-तुरे. पहिल्या दिवशी हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, माणूस थोडा सटकलेला आहे. पुढे बारा-तेरा वर्षं मी त्यांच्याबरोबर ऑपरेशन थिएटरमध्ये उभी राहिले आणि माझं ते मत काही बदललं नाही. फक्त त्या सटकलेपणावर माझा जीव जडला.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचा सुमार असेल. ठाण्यात स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आमचं लहानसं रुग्णालय होतं. सर तिथले लहान मुलांचे सर्जन आणि मी थिएटरची सिस्टर. मी कल्याणहून यायची, ते डोंबिवलीहून. सकाळी सर तपासणीच्या खोलीत शिरले की टेबलावर ठेवलेल्या बाळापुढे किंचित वाकून म्हणायचे, "या बाईसाहेब. कालपासून आपण दूध घेत नाही असं कानावर आलं. काय झालं?" बाईसाहेब दीड महिन्याच्या. त्यांची आई बावरून माझ्याकडे बघायची. मी डोळ्यांनीच सांगायची की घाबरू नका, हे असेच आहेत. मूल बोलायला लागलं की सर ताबडतोब अरे-अगंवर यायचे. मी एकदा कारण विचारलं.

"अगं सिस्टर, ज्याला स्वतःचं दुखणं सांगता येत नाही त्याच्याशी अदबीनं वागावं. बोलता येणारे काय, भांडून घेतात."

म्हणजे मी भांडून घेणाऱ्यांत. ते खोटं नव्हतं.

त्यांच्या कोटाच्या खिशात स्टेथोस्कोप क्वचितच असायचा. तो ते कुठेतरी विसरत आणि मग माझ्यावर चिडत. पण शिंप्याची मोजपट्टी कायम असायची, पिवळी, टोकाला पत्रा लावलेली. आलेल्या प्रत्येक मुलाच्या छातीचा घेर घेऊन सर तो पेन्सिलीने भिंतीवर लिहायचे, खाली मुलाचं नाव. मालकांनी दोनदा रंग काढला. दोन्ही वेळा सरांनी आधी सगळी भिंत वहीत उतरवली आणि रंग वाळल्यावर पुन्हा भिंतीवर चढवली. "वही आहे ना आता, मग भिंत कशाला?" असं मालकांनी विचारलं, तर म्हणाले, "अरे, वही मीच बघणार. भिंत आया बघतात."

हाताला चैन नसायची. गाठी मारत बसायचे. खिडकीच्या पडद्याची दोरी, फाइलची नाडी, फरसाणाच्या पुड्याचा दोरा. एकदा मी केसातला गजरा काढून टेबलावर ठेवला होता, तर हातपाय धुऊन येईपर्यंत त्यांनी तो सोडून पुन्हा ओवला, आणि प्रत्येक फुलाला सर्जनची गाठ. मोगरा दुसऱ्या दिवशी सुकला पण एक फूल गळलं नाही. वॉर्डातल्या मुली महिनाभर मला हसत होत्या.

आणि त्यांचा तो एक शब्द. ऑपरेशन उत्तम झालं, मूल गुलाबी झालं, बाहेर बाप हात जोडून उभा आहे, आणि सर मास्क खाली करून सांगायचे, "आत्तापुरतं छान आहे." अहो, बाप धावत माझ्याकडे यायचा! मी मागून सावरून घ्यायची. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला आले होते, तिथेही. बाबांनी विचारलं, "जोडा कसा दिसतो डॉक्टरसाहेब?" तर म्हणाले, "आत्तापुरता फारच छान." नशीब, व्याह्यांना ऐकू कमी यायचं.

बाबांची आणि सरांची ओळख कशी झाली, ते सांगायला हवं. सगळं तिथूनच सुरू झालं, आणि सुरू करणारी मी.

कोपरीहून हिराबाई नावाची एक कोळीण आपली तीन महिन्यांची मुलगी, दर्शना, घेऊन आली. मुलगी दूध ओढताना निळी पडायची. फोटो काढला तर छातीच्या डाव्या बाजूला फुप्फुसाच्या जागी आतडी. आपल्या छाती आणि पोटामध्ये स्नायूचा एक पडदा असतो. श्वास चालतो तो त्याच्या जोरावर. क्वचित एखादं मूल जन्मतःच त्या पडद्याला भोक घेऊन येतं आणि पोटातलं सामान वर सरकतं. भोक लहान असलं तर कडा ओढून शिवता येतात. मोठं असलं तर ठिगळ लावावं लागतं. त्या काळी ठिगळ म्हणजे कृत्रिम धाग्याचं पांढरं विणलेलं कापड, कुणाकुणाच्या हाती परदेशातून मागवलेलं. सरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "दर्शनाबाईंचा पडदा जवळजवळ अर्धा नाही."

ऑपरेशन दोन दिवसांवर होतं आणि सरांचं जेवणात लक्ष नव्हतं. ठिगळ लावता येईल, पुढे काय? मूल वाढतं, छाती रुंदावते, कापड आहे तेवढंच राहतं. मग ते एका कडेने सुटतं आणि पुन्हा सगळं वर. हे ते कुणाला उद्देशून बोलत नव्हते, दहीभाताशी बोलत होते. मी डबा पुसता पुसता म्हटलं, "आमच्या बाबांकडे जूनमध्ये सगळी पोरं युनिफॉर्मला येतात ना सर, तेव्हा बाबा आत दुमड घालून ठेवतात. दर वर्षी एक उसवायची. तीन वर्षं फ्रॉक पुरतो."

सरांचा हात थांबला. "तुझे वडील शिंपी आहेत? आणि तू हे मला आज सांगतेस?"

त्याच दुपारी आम्ही कल्याणला. बाबांचं दुकान बाजारातल्या एका गल्लीत, दाराएवढंच रुंद. सरांनी स्टूल ओढून घेतलं आणि सगळी हकिकत सांगितली. बाबांनी गळ्यातली टेप काढून मांडीवर ठेवली. गिऱ्हाइकाचं म्हणणं नीट ऐकायचं असलं की ते असं करायचे.

"म्हणजे मास्तर, कापड मूल मोठं होईल तसं मोठं व्हायला पाहिजे," सर म्हणाले.

"कापड मोठं होत नाही डॉक्टरसाहेब," बाबा म्हणाले. "मोठं कापड लहान करून ठेवायचं असतं."

बाबांनी चिंधी घेतली, दोन दुमडी घातल्या, कच्चे टाके मारले. मग दोन्ही टोकं धरून ओढून दाखवलं. टाका तुटला, दुमड उलगडली, कापड बोटभर वाढलं.

"पण आत उसवायला कोण जाणार?" सर म्हणाले.

"तुमच्याकडे आपोआप सुटेल असा धागा नसतो का?"

सरांनी कपाळावर हात मारून घेतला. विरघळणारा धागा आम्ही रोज वापरत होतो. म्हणजे ठिगळाच्या कडा पक्क्या धाग्याने शिवायच्या आणि दुमडी विरघळणाऱ्या धाग्याने टाचायच्या. धागा महिन्याभरात विरघळेल, आणि मुलगी वाढेल तशी दुमड ओढाने हळूहळू उलगडेल. बाबा आणि सर त्या चिंधीवर असे वाकले होते की दारात ताटकळलेलं गिऱ्हाईक मीच परत पाठवलं.

दर्शनाच्या ऑपरेशनला भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ हाताने फुगा दाबून तिला श्वास देत होते. सरांनी आतडी एकेक करून खाली घेतली, तिथल्या तिथे त्यांची माफी मागत, "क्षमा करा हं, थोडं खाली यावं लागेल." मग ठिगळ. दोन दुमडी, बाबांनी दाखवल्या तशा. हिराबाई बाहेर जमिनीवर बसून होती. सर बाहेर आले आणि अर्थातच म्हणाले, "आत्तापुरतं छान आहे."

"आत्तापुरतं म्हंजे कवापरत?" हिराबाईने विचारलं. हा प्रश्न त्यांना इतक्या सरळ कुणी विचारला नव्हता. ते तिच्या शेजारी जमिनीवर बसले, आणि हे मोठं होणाऱ्या मुलीला लावलेलं मोठं न होणारं कापड आहे, हे तिला पहिल्यापासून समजावून सांगितलं. दुमडीचंही सांगितलं.

"म्हंजे आमच्या जाल्यासारका नाय," ती म्हणाली. "जाला इरला का आमी नवा इणतो."

"तसंच करता आलं पाहिजे, हिराबाई," सर म्हणाले.

आठवड्याने ती पापलेटांची टोपली घेऊन आली. आमचे सर अंडंसुद्धा न खाणारे. त्यांनी टोपली दोन्ही हातांनी घेतली, एकेक पापलेट निरखून मनापासून वाखाणलं आणि ती गेल्यावर माझ्याकडे दिली. कल्याणला त्या रात्री आमच्याकडे सण झाला.

दर वाढदिवसाला दर्शना यायची. मोजपट्टी, भिंत, पेन्सिल. आणि दर वेळी मी कल्याणला गेले की बाबा मशीन थांबवून विचारायचे, "त्या पोरीची दुमड सुटली का गं?" सर कधी दुकानात आले तर त्यांनाही हेच विचारायचे. सर म्हणायचे, "आत्तापुरती छान आहे, मास्तर." बाबांना तेवढं पुरायचं. गिऱ्हाइकांना सांगायचे, आपण पण एका ऑपरेशनात होतो बरं का. मी त्यांना कधी अडवलं नाही. सगळा जन्म हाफ पँट आणि फ्रॉक शिवणाऱ्या माणसाला एवढी एक गोष्ट मिरवायला मिळाली होती.

पण दुमड सुटते आहे की नाही हे फोटोत दिसत नव्हतं, आणि सरांना ते खात होतं. हिराबाईचं ते जाळंही डोक्यातून जात नव्हतं. आपोआप वाढेल, झिजलं तर शरीरच भरून काढेल असं कापड हवं. मग ते खाटकाकडे जायला लागले.

डोंबिवलीत त्यांची सोसायटी पक्की शाकाहारी. सर दर रविवारी सकाळी पिशवी घेऊन खाटकाच्या दुकानापुढे रांगेत. बातमी फुटायला कितीसा वेळ लागणार? "डॉक्टर मटण खातात" हे जिन्याजिन्यात झालं. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, शाळेत गणित शिकवायच्या. त्यांनी सांगितलं, अहो, लोकांना खरं काय ते सांगा तरी. सर म्हणाले, "खरं सांगितलं तर जास्त घाबरतील."

खरं असं होतं की त्यांना बकऱ्याच्या हृदयाभोवतीची पातळ पिशवी हवी असायची. ती धुवायची, पुन्हा धुवायची, दिवसेंदिवस धुवायची, बकऱ्याच्या पेशी सगळ्या निघून जाईपर्यंत. उरते ती नुसती जाळी. मला त्यांनी डोंबिवलीच्याच भाषेत समजावलं. "अगं, जुना भाडेकरू बाहेर काढायचा, भिंती ठेवायच्या. ते घर मुलाच्या अंगात नेऊन बसवायचं. मुलाच्याच पेशी येतील राहायला. एकदा राहायला आल्या की वाढवतील घर आपलं आपण."

"आणि जुना भाडेकरू निघालाच नाही तर?"

"तर काय होतं ते डोंबिवलीकरांना विचार."

धुताना त्या पिशव्या सारख्या हळूहळू हलवत राहाव्या लागत. त्या सुमारास वहिनींनी पैसे साठवून कपडे धुण्याचं मशीन घेतलं, बिल्डिंगमधलं पहिलं. चौथ्या दिवशी झाकण उघडलं तर आत बकऱ्याच्या सात पिशव्या गोल गोल फिरताहेत. त्या गणिताच्या बाई ओरडल्या नाहीत. झाकण लावलं, आणि त्या मशीनमध्ये पुन्हा आयुष्यात एकही कपडा टाकला नाही. मी भेटायला गेले तर म्हणाल्या, "बघ, आमच्याकडे मशीन आहे हं. पण ते ह्यांच्या बकऱ्यांचं. मी आपली हातानेच धुते." पुढे सरांनी त्या पिशव्या गच्चीत चिमटे लावून वाळत घातल्या तेव्हा सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली की सामाईक गच्चीत मांसाहारी वस्तू वाळत घालू नयेत. सरांनी खाली लिहिलं, "वस्तू खाण्याची नाही, शिवण्याची आहे." त्याने गैरसमज वाढला.

सरांचा एक पशुवैद्य मित्र घोडबंदर रोडला राहायचा. तेव्हा तिथे संध्याकाळी रस्त्यावर माणूस दिसत नसे. त्याच्या आवारात ससे होते. परवानग्या, कागदपत्रं सगळं त्या मित्राने रीतसर केलं, आणि सर महिन्यातून दोन शनिवार तिथे जाऊन सशांच्या पडद्याला ती धुतलेली जाळी लावून बघायला लागले. सशांनाही अहो-जाहो, हे वेगळं सांगायला नको. काही सशांत ठिगळ इतकं बेमालूम मिसळलं की नंतर शोधावं लागलं. काहींत ते विरत गेलं आणि फाटलं. कुठल्या सशात काय होणार हे आधी सांगता येत नव्हतं. वर्षं गेली, वह्या भरल्या, तरी सांगता येत नव्हतं.

दर्शनाला सातवं लागलं आणि ती शाळेत धावताना दम लागून मध्येच खाली बसू लागली. हिराबाई तिला घेऊन आली तेव्हा मी सरांच्या आधी बघितलं, पोरीचा डावा खांदा खाली गेला होता. फोटो काढला. आतडी पुन्हा छातीत.

सरांनी मोजपट्टी बाहेर काढली, घेर घेतला, भिंतीवर लिहिला. पेन्सिलीचं टोक मोडलं.

आता करायचं काय, हे आमच्या दृष्टीने ठरलेलंच होतं. इतकी वर्षं रविवारची झोप, वहिनींचं मशीन, जिन्यातली बदनामी, हे सगळं कुणासाठी होतं? सरांनी बरणी आणून टेबलावर ठेवली. त्यात त्यांचं सगळ्यात चांगलं ठिगळ होतं, पातळ, दुधी रंगाचं. हिराबाई कितीतरी वेळ त्या बरणीकडे बघत राहिली.

"यो तिच्यासाटीच केलाव ना तुमी?"

"हो."

"मंग लावा."

सर म्हणाले, "नाही."

मला माझ्या कानांवर विश्वास बसेना. ते पुढे हिराबाईलाच सांगत होते, तिच्याकडे बघून, सावकाश. "हे मी सशांना लावलंय. काहींचं छान झालं, काहींचं फाटलं. दर्शनाबाई कुठल्या बाजूला जातील ते मला माहीत नाही. दुसरी एक पद्धत आहे. पोटाच्या भिंतीत स्नायूंचे थर असतात. त्यातला एक सोडवून, वर वळवून, त्याचाच पडदा करायचा. ही पद्धत माझी नाही. दुसऱ्यांनी केली आहे, काय चुकतं तेही लिहून ठेवलंय. ती मी करणार."

"तुमी लावाल त्यावर माजा इस्वास हाय, डाक्टर."

"म्हणूनच नाही लावत."

हिराबाई गेल्यावर मी भांडले. मी भांडून घेणाऱ्यांपैकीच ना! म्हटलं, सर, मग हे सगळं कशाला केलंत? आणि चाललं असतं तर? तिच्या अंगात वाढलं असतं तर? पुन्हा कधी अशी वेळ येणार आहे? मला रडू येत होतं आणि रडू आलं की माझा आवाज चढतो. सर बरणीच्या झाकणाला बांधलेल्या दोऱ्याची गाठ सोडत होते, मारत होते.

"मागच्या वेळी मला एक छान कल्पना सुचली होती," ते म्हणाले. "आणि मी ती थेट तिच्या अंगात शिवली. पुन्हा नाही."

मला सुचली, असं म्हणाले ते. कल्पना त्यांना सुचलेली नव्हती. दहीभाताच्या वेळी डबा पुसत मी बोलले होते, आणि बाबांनी चिंधी ओढून दाखवली होती. सरांच्या त्या वाक्यापासून माझ्या मनात जे बसलं ते पुढे कित्येक वर्षं तसंच राहिलं. पोरीच्या अंगात चूक घातली ती आमच्या घराने.

ऑपरेशनच्या दिवशी पोट उघडलं, जुनं ठिगळ दिसलं. छातीच्या बाजूची कड सुटली होती. दोन्ही दुमडी जशाच्या तशा होत्या. विरघळणारा धागा केव्हाच विरघळला होता, पण शरीराने त्या दुमडींवर आतून-बाहेरून आपला थर चढवून त्या घट्ट चिकटवून टाकल्या होत्या. सरांनी चिमट्याने एक ओढून बघितली. ती हलली नाही. बाबांच्या दुकानात चिंधी कशी पटकन उलगडली होती! मास्कवरून आमची नजरानजर झाली आणि मीच डोळे खाली घातले.

"बशी," सर म्हणाले. मी बशी धरली. त्यांनी ठिगळ सोडवून तीत ठेवलं.

मग त्यांनी दर्शनाच्या पोटाच्या भिंतीतला आतला थर एका बाजूने मोकळा केला, रक्ताची वाट न तोडता, आणि वर वळवून भोकावर आणला. तो लालसर होता, जिवंत होता, टाका घेताना थरथरत होता. तिचाच स्नायू, तिच्याच रक्तावर जगणारा. इतकी वर्षं हे गृहस्थ बकऱ्यांच्या मागे फिरले, आणि वाढणारं कापड तिच्या अंगावरच होतं. मी कापसाचे बोळे मोजत होते. मोजणी चुकेल म्हणून रडता येत नव्हतं.

शेवटचा टाका घालून सर म्हणाले, "झालं."

मी वाट बघितली. तो शब्द आला नाही. बाहेर हिराबाई तशीच जमिनीवर बसली होती. तिलाही त्यांनी एवढंच सांगितलं, "झालं, हिराबाई." आणि तिच्या शेजारी बसले.

तीन महिन्यांनी, जूनमध्ये, सरांनी तिला नव्या युनिफॉर्मसाठी कल्याणला आणलं. मुद्दाम आमच्या दुकानात. ठाण्यात काय शिंपी नव्हते? बाबांची नजर तोपर्यंत अधू झाली होती. त्यांनी तिला जवळ घेऊन माप घेतलं, छातीचा घेर दोनदा घेतला.

"सुटली का दुमड, डॉक्टरसाहेब?"

मी दारात उभी होते. सरांच्या तोंडून मी इतक्या वर्षांत एकदाही खोटं ऐकलं नव्हतं. मरणाऱ्या मुलाच्या बापाशीसुद्धा ते खोटं बोलले नव्हते.

"सुटली, मास्तर. दोन्ही सुटल्या."

बाबा नुसते हसले. दर्शनाच्या फ्रॉकला त्यांनी तीन दुमडी घातल्या. शिलाई घेतली नाही. दोन वर्षांनी ते गेले. जाईपर्यंत त्या गोष्टीच्या आनंदात होते, आणि मी सरांची त्याबद्दल जन्माची ऋणी होते. पण त्याच वेळी मनात हेही होतं की खोटं बोलावं लागलं, म्हणजे चूक तेवढी मोठी होती.

नव्वदीच्या शेवटी सर निवृत्त झाले आणि खडवलीला थोडी जागा घेऊन वहिनींसह राहायला गेले. तिथे त्यांनी बकऱ्या पाळल्या. दूध काढायचे, पाला घालायचे, आणि एकही बकरी किंवा बोकड कुणाला विकायचे नाहीत. माझ्यासमोर एकदा गिऱ्हाईक आलं, तर त्याला म्हणाले, "यांच्या घराण्याकडून मी पुष्कळ घेतलंय." वहिनी कपाळावर हात मारून घेत होत्या. बोकड आडवे वाढले होते आणि त्यांनी अंगणातली जास्वंद खाऊन संपवली होती. ठिगळाच्या वह्या सरांनी त्या पशुवैद्य मित्राकडे दिल्या होत्या. पुढे अशी धुतलेल्या जाळीची ठिगळं जगात कुठे कुठे खरोखर वापरू लागले, असं मी ऐकलं. तीही सगळीच टिकतात असं नाही म्हणे. सर काय म्हणाले असते ते मला माहीत आहे.

दर्शना आज शाळेत खेळाची बाई आहे. मैदानावर तिची शिट्टी सुरू झाली की रस्त्यावरची माणसं थबकतात. इतका लांब श्वास! मला बघितलं की मुद्दाम जोरात वाजवते, आणि मी मुद्दाम कानावर हात ठेवते.

सर गेले तेव्हा मी खडवलीला गेले. दिवसकार्य झाल्यावर वहिनींनी एक छोटी बाटली हातात दिली. "तुझ्या नावाने ठेवली होती. द्यायची म्हणायचे आणि विसरायचे." बाटलीच्या तोंडाला दोरा, त्याला त्यांची ती गाठ. आत ते ठिगळ होतं, दोन दुमडींसकट. मी उघडलीच नाही. मला वाटलं, आमची चूक त्यांनी जपून ठेवली होती आणि आता ती आमच्याकडे परत आली.

घरी येऊन दोन दिवस ती तशीच पिशवीत ठेवली. तिसऱ्या दिवशी पुसायला म्हणून काढली, तेव्हा मागच्या बाजूला चिठ्ठी चिकटवलेली दिसली. दुसऱ्या ऑपरेशनची तारीख होती, म्हणजे त्याच दिवशी लिहिलेली. पेन्सिलीने, भिंतीवर लिहायचे तशा अक्षरात.

"दुमडी शरीराने चिकटवल्या. हे मला आधी कळायला हवं होतं. शिवण शाबूत. शिंप्याचा दोष नाही."

बाबांचं मशीन अजून माझ्याकडे आहे. त्याच्या खणात टेप आणि बॉबिनी होत्या. त्या थोड्या सरकवून मी बाटली तिथे ठेवली.